कडलेकाय, शेंगा आणि थंडीतलं बेंगळूर

बेंगळूरची थंडी ही थंडी म्हणायची की नुसता गारवा, यावर आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. बेळगावकरांना थंडीचं कौतुक कुणी सांगायला नको, पण बेंगळूर आपल्यापेक्षाही उंचावर आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर, तर बेंगळूर ९०० च्याही वर. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. १३ जानेवारी १८८४ रोजी तो ७.८ अंशांवर गेला होता, तो तिथला नीचांक मानतात. खरा फरक आहे तो ढगांचा. आपला हिवाळा कोरडा, निरभ्र. पहाटे धुकं आणि दुपारी डोळे दिपवणारं ऊन. तिकडे कार्तिक-मार्गशीर्षात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं, चेन्नईला पाऊस लागला, की दोन दिवस बेंगळूरवर राखाडी झाकण पडतं. झिमझिम चालू, वारा बोचरा, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं कॉफीचे लहानसे पेले दोन्ही हातांत धरून उभी. हे असलं बेंगळूर मला फार आवडतं. उन्हाळ्यातलं किंवा लग्नसराईतलं नव्हे, हे!

एरवी तिकडे जायचं म्हणजे कुणाच्या तरी लग्नाला, नाहीतर मुलाकडे. या खेपेला मात्र मी एकटी गेले. त्याला कारण घडलं. मुलगा व्हाइटफील्डला राहतो. शहापुरातलं घर विकावं आणि मी कायमचं तिकडे यावं, असं त्याचं म्हणणं. त्यात गैर काही नाही. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नाही, आणि गिऱ्हाईक तर दारात उभं आहे. संक्रांतीपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. मी म्हटलं, ज्या गावात उरलेले दिवस काढायचे ते गाव एकदा कुणाचं बोट न धरता बघून घ्यावं. म्हणून तीन दिवस बसवनगुडीत लॉजवर आणि मग दोन दिवस मुलाकडे, असा बेत केला. "आई, आपलं घर असताना लॉजवर काय करूलालीस?" मुलगा फोनवर म्हणाला. पंधरा वर्षं बेंगळुरात राहूनही रागावला की तो शहापूरचंच बोलतो. रागाकडे दुर्लक्ष करून मी भाषेचं समाधान मानलं.

ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली आहे. पहाटे निघायचं आणि दुपारच्या जेवणाला पोचायचं. पण मला रात्रीचीच गाडी बरी वाटते. एक तर झोपेत प्रवास होतो, आणि दुसरं म्हणजे पहाट तिपटूर-तुमकूरच्या बाजूला होते. रात्री डोळा लागताना बाहेर आपला ज्वारीचा मुलूख असतो आणि जाग येते ती नारळीच्या बागांत. दावणगेरेच्या पुढे-मागे कुठेतरी भाकरी संपते आणि नाचणीचा मुद्दे सुरू होतो. एकाच राज्यात हा इतका बदल! बेंगळूरचं मुख्य स्टेशन २०१६ पासून क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाच्या नावाचं आहे. आपल्या बैलहोंगल तालुक्यातला हा वीर राजधानीच्या दारात उभा आहे, हे दरवेळी बघून बेळगावच्या माणसाची मान जराशी ताठ होतेच. समोरचा मॅजेस्टिकचा बसस्थानक परिसर म्हणजे पूर्वीचं धर्मांबुधी तळं. तळं बुजवून वर बसगाड्या! कंठीरव स्टेडियमच्या जागीही संपंगी तळं होतं. केंपेगौडानं १५३७ साली गाव वसवलं. या गावाला नदी नाही, म्हणून जागोजागी तळी बांधली गेली. पुढच्यांनी ती एकेक करून बुजवली. पाऊस पडला की रस्त्यात पाणी तुंबतं म्हणून वर्तमानपत्रं ओरडतात. पाणी बिचारं जुन्या पत्त्यावर येतं, एवढंच.

लॉजवरच्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "ओब्बरेना अम्मा?" म्हणजे एकट्याच का? मी म्हटलं, "हौद्रि, ओब्बाकिन बंदीनि." ते 'रि' ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "उत्तर कर्नाटका! बेळगावि? कुंदा!" माझी ओळख एका शब्दात पूर्ण झाली. माझं माहेर धारवाडचं, कानडी. सासर शहापूरचं, मराठी. आयुष्यभर दोन्ही भाषा उजव्या-डाव्या हातासारख्या वापरल्या. पण बेंगळूरला माझी कानडी ऐकून लोक हसतात. तुच्छतेनं नव्हे, लाडानं हसतात, जसं पुण्यात माझं मराठी ऐकून हसतात तसं. (पुण्यातलं हसणं किंचित वेगळं असतं. असो.)

बायकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून तिकीट पडत नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवलं की वाहक 'शून्य' रुपयांचं तिकीट हातात देतो. सीमाप्रश्न कुणाच्या घरात कसाही बोलला जावो, बसमध्ये चढताना शहापूरचा पत्ता पदर सावरत पुढे करणारी माझ्यासारखीच असते! बेंगळूरच्या शहरी बसमध्येही हे चालतं. तीन दिवस मी जी काही भटकले ती बहुतेक त्या शून्यावर.

जायचा मुहूर्त मी मुद्दाम धरला होता. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकायि परिषे भरते. परिषे म्हणजे जत्रा, आणि कडलेकायि म्हणजे... इथेच तर गंमत आहे. आपल्याकडे मराठीत शेंगा आणि धारवाड-बेळगावच्या कानडीतही शेंगाच. शेंगा चटणी, शेंगा होळिगे. बेंगळूरकरांची मात्र ती कडलेकायि. आमच्या कानडीत कडलि म्हणजे हरभरा. बेंगळूरलाही कडले म्हणजे हरभराच, पण त्याला नुसतं 'कायि' चिकटलं की त्याचा भुईमूग होतो! मी एका बाईसमोर उभी राहून विचारलं, "शेंगा हेंग कोडतीरि?" ती म्हणाली, "शेंगाना? हंगंद्रे?" म्हणजे, शेंगा? म्हणजे काय? तिच्यासमोर गुडघाभर उंच ढीग शेंगांचाच होता. मी त्या ढिगात हात घातला. तेव्हा ती आणि तिच्या शेजारची दोघीही खळखळून हसल्या, आणि मापावर चार शेंगा वर पडल्या. माप 'सेरु'चं. म्हणजे आपला शेर! आपल्याकडून शेर केव्हाच हद्दपार झाला, वाक्प्रचारात उरला. तिथे या जत्रेत तो अजून पत्र्याच्या डब्याच्या रूपात हातात येतो. कच्च्या, उकडलेल्या आणि वाळूत भाजलेल्या, तिन्ही तऱ्हा मी घेतल्या. "बडवर बादामि" अशी आरोळी चाललेली. गरिबांचा बदाम. हे तर आपणही म्हणतो.

बुल टेंपल रोडवर त्या दिवशी वाहनं नसतात. दोन्ही कडेला ढीगच ढीग. कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूरकडचे शेतकरी, शिवाय आंध्र आणि तमिळनाडूतूनही आलेले. पायाखाली टरफलांचा थर; चालताना कुरकुर असा आवाज सतत येत राहतो. अलीकडे प्लॅस्टिकला मनाई करून लोकांना कापडी पिशवी घेऊन यायला सांगतात. मी आपली शहापुरातल्या वाण्याची जुनी पिशवी नेली होती. तिच्यावरची मराठी अक्षरं बघून एका म्हाताऱ्यानं "महाराष्ट्रा?" असं विचारलं. "इल्लरि, बेळगावि," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली. त्या डोलावण्याचा अर्थ मी लावत बसले नाही.

जत्रेमागची कथा अशी. इथे पूर्वी सुंकेनहळ्ळी नावाचं खेडं होतं. शेतकऱ्यांचं भुईमुगाचं पीक रोज रात्री कुणीतरी खाऊन जाई. पाळतीवर बसल्यावर दिसला तो बैल. चिडलेल्या शेतकऱ्यानं त्याला मारलं आणि बैल तिथेच बसून दगड झाला. लोकांना पश्चात्ताप झाला. त्यांनी देऊळ बांधलं आणि दरवर्षी पहिलं पीक बसवण्णाला वाहायचं ठरवलं. दगड झालेला बैल वाढतच चालला, म्हणून त्याच्या माथ्यावर खिळा ठोकला, असाही एक धागा कथेला आहे. आता भुईमूग हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. देऊळ केंपेगौडाच्या काळातलं, म्हणजे सोळाव्या शतकातलं सांगतात. तेव्हा पहिल्यांदा बैलानं खाल्लं ते पीक भुईमूगच होतं का, असा प्रश्न माझ्यातल्या मास्तरणीला पडतो. पण एवढ्या गर्दीत तो कुणाला विचारायचा? आत जो नंदी आहे तो मात्र डोळे भरून पाहावा. सुमारे पंधरा फूट उंच, वीस फूट लांब, एका दगडातला, तेल माखून माखून काळाभोर झालेला. त्याच्याजवळच वृषभावती नदीचा उगम मानतात. बैलाच्या नावाची नदी! आज तिला नदी म्हणणं धाडसाचं आहे. शहराचं सांडपाणी तीतून वाहतं. खाली दोड्ड गणपती. त्याला एरवी लोण्याचं लेपन करतात, ते बघायचं असेल तर वेगळा दिवस काढावा. परिषेच्या दिवशी देवापर्यंत पोचणं हेच पुष्कळ.

एकटीनं जत्रेत फिरण्याचं सुख मी पहिल्यांदा अनुभवलं. कुणाला "चला आता" म्हणायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. एका पायरीवर बसून मी तासभर शेंगा फोडल्या. शेजारी कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात इंग्रजी, कानडी, मधूनच तेलुगू. त्यांनी "आंटी, फोटो?" म्हणून माझ्या हातात फोन दिला. त्यांचे पाच-सहा फोटो काढून दिले. त्यातला एक वाकडा आला असेल, पण मुली नीट दिसत होत्या.

गांधी बझार जवळच. फुलांच्या माळा हातानं मोजून देतात. मार म्हणजे वाव. शेवंतीला सेवंतिगे आणि आपल्या अबोलीला कनकांबर, कसं भारदस्त नाव! अवरेकायीच्या पहिल्या टोपल्या आल्या होत्या. ही आपल्या पावट्याची सख्खी बहीण. पण शेंगेला एक तेलकट, उग्र वास असतो, त्याला ते 'सोगडु' म्हणतात आणि नाकाशी धरूनच विकत घेतात. दाणे भिजवून, बोटानं चिमटून साल काढली की झाली हितकिद बेळे. आपण वालाच्या बिरड्यांसाठी जे करतो तेच. पुढे जानेवारीत अवरेची वेगळी जत्रा भरते, तेव्हा तिचे डोसे, उप्पीट, होळिगे, जिलबीसुद्धा करतात. जिलबीचं मात्र मला पटलेलं नाही.

विद्यार्थी भवन १९४३ पासूनचं. रांग लावावी लागतेच. आत वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची उतरंड रचून येतो आणि एकही न सांडता टेबलाटेबलावर उतरवत जातो. डोसा जाडसर, बाहेर कुरकुरीत, आत मऊ, तुपाचा. एकट्या माणसाला इथे एक फायदा असतो: चौघांच्या टेबलावरची चौथी जागा लगेच मिळते. माझ्या टेबलावर एक निवृत्त बँकवाले, त्यांची पत्नी आणि मेहुणा. माझं 'रि' ऐकून बोलणं सुरू झालं आणि बेंद्रे आलेच. धारवाडची बाई म्हटलं की बेंगळूरचा माणूस बेंद्र्यांवर येतो. त्यांची मातृभाषा मराठी, हे त्या गृहस्थांना ठाऊक होतं. मास्तींची तमिळ. गिरीश कार्नाडांची कोकणी, जन्म तर माथेरानचा. तिघेही कन्नडचे ज्ञानपीठवाले. मास्ती इथलेच, जवळच्या गवीपुरात राहायचे. "मातृभाषा दुसरी असून लिहिलं कन्नडात, म्हणजे मोठेपणा कुणाचा?" मेहुण्यांनी विचारलं. "आयांचा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटलीत चटणी वाढली. शेजारच्या हनुमंतनगरात वाढलेल्या शिवाजीराव गायकवाडांचा विषयही त्यांनीच काढला. इथल्या शहर बससेवेत वाहक होते, मराठी घरातले. पुढे मद्रासला जाऊन रजनीकांत झाले.

दुसऱ्या दिवशी लालबाग. हैदरअलीनं १७६० च्या सुमाराला ही बाग सुरू केली, टिपूनं वाढवली. काचघराची पायाभरणी १८८९ ची. पण मी तिथे जाते ती खडकासाठी. बागेत शिरल्यावर एक मोठा उघडा खडक लागतो, वर केंपेगौडाच्या नावाचा छोटा बुरूज. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा, भूवैज्ञानिकांनी राष्ट्रीय स्मारक ठरवलेला. सकाळी साठी ओलांडलेली मंडळी कानटोप्या घालून त्यावर हात झटकत व्यायाम करतात. त्या खडकापुढे आपण सगळेच बाळ! माझ्या बाजूला बसलेल्या एका बाई मुलाकडे राहायला येऊन आठ वर्षं झालेल्या. मूळच्या विजयवाड्याच्या. "इथे आवडतं का?" मी विचारलं. त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "सकाळ आवडते. सकाळ माझी असते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "गावचं घर विकलं. तेव्हापासून गावाला गेले तर पाहुणी म्हणून जाते." मी काही बोलले नाही. त्यांना माझ्या घराचं काहीच ठाऊक नव्हतं.

लालबागेच्या बाहेर आणि शहरभर या दिवसांत गुलाबी फुलांची झाडं बहरलेली असतात. पानं कमी, फुलंच फार. खाली रस्ता गुलाबी. ही टॅबेबुया. बेंगळुरात वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, अशा हिशेबानं झाडं लावण्याची कल्पना क्रुम्बिगेल या जर्मन बागतज्ज्ञाची. हे गृहस्थ आधी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या बागांचं काम बघायचे आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आले. त्यांची अखेरही बेंगळुरातच झाली, १९५६ मध्ये. परक्या गावात रुजायचं असेल तर झाडं लावावीत, हे त्यांना बरोबर सुचलं. त्यांच्या नावाचा रस्ता बागेला लागूनच आहे. तिथून एम.टी.आर.ही जवळ. १९२४ चं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून त्यांनी रव्याची इडली केली, असं सांगतात. टंचाईतून आलेल्या पदार्थावर आता काजू लावून देतात!

तिसरा दिवस मी मल्लेश्वरमसाठी ठेवला होता. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या दोन्ही वस्त्या १८९८ च्या प्लेगच्या सुमाराला, दाट पेठेतून लोकांना बाहेर मोकळ्या हवेत न्यायला आखलेल्या. मेट्रोचं स्टेशन संपिगे रोड. संपिगे म्हणजे सोनचाफा. तिथून काडु मल्लेश्वराचं देऊळ चालत. काडु म्हणजे रान. देवळाजवळच्या खडकावर १६६९ चा शिलालेख आहे. एकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी, देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा. राजा भोसले घराण्यातला, आणि लेख कन्नडात. तीनशेपन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी त्यांना यात काही अडचण वाटली नाही, आणि बहुधा प्रजेलाही.

बेंगळूर हे शहाजीराजांचं ठाणं होतं, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो आणि विसरतो. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेनं, रणदुल्लाखान आणि शहाजीराजांनी, हे गाव घेतलं आणि ते राजांच्या जहागिरीत आलं. बाल शिवबा जिजाऊंबरोबर काही काळ इथे होते. राजांचा वाडा पेठेत होता. जयराम पिंड्ये नावाच्या कवीनं 'राधामाधवविलासचंपू' या संस्कृत काव्यात त्या दरबाराचं वर्णन केलं आहे, आणि त्यात अनेक भाषांमधली पद्यं आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते काव्य संपादून प्रसिद्ध केलं. म्हणजे पाच भाषा एका टेबलावर बसण्याची बेंगळूरची खोड आजची नव्हे. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले तेही कर्नाटकातच, दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला. त्यांची समाधी तिथे आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाख रुपयांना देऊन टाकलं. तीन लाखांत बेंगळूर! आज व्हाइटफील्डला तेवढ्यात मोटार उभी करायची जागा मिळाली तरी नशीब. घर विकायला काढलेल्या बाईला हा आकडा वाचून हसू येणारच.

दुपारी चिक्कपेठेत उतरले. वाड्याची खूण काही उरलेली नाही. साड्यांची दुकानं, हमाल, ढकलगाड्या आणि डोक्यावर तारांचं जाळं. एका बोळात पिशवीची शिवण नीट करून घ्यायला शिंप्याच्या पायरीवर थांबले. वय ऐंशीच्या आसपास. पिशवीवरचं मराठी वाचून त्यांनी विचारलं, "तुमी कुठलं?" घरी मराठी बोलतात, केव्हा आले कुणाला माहीत नाही, आजोबांचे आजोबाही इथलेच. त्यांचं मराठी ऐकायला कान लावावा लागत होता. क्रियापद मराठी, मधले सगळे शब्द कानडी, आणि एखादा शब्द इतका जुना की माझ्या आजेसासूनंतर तो मी ऐकलाच नव्हता. "आता मुलं मराठी समजतात, बोलत नाहीत. नातवंडं समजतही नाहीत," ते म्हणाले. तक्रार नव्हती, शिवणीची दोरी दातानं तोडावी तसं सहज म्हणाले. पैसे घेतले नाहीत. मी पिशवीतल्या मूठभर शेंगा त्यांच्या मशीनवर ठेवल्या. "शेंगा!" ते म्हणाले. तीन दिवसांत हा शब्द पहिल्यांदाच कुणी आपणहून उच्चारला होता.

संध्याकाळी मेट्रोनं मुलाकडे. नॅशनल कॉलेजपासून हिरव्या मार्गानं मॅजेस्टिक, तिथून जांभळ्या मार्गानं थेट व्हाइटफील्ड. ऑक्टोबर २०२३ पासून हा मार्ग सलग झाला. पूर्वी याच अंतरासाठी मुलगा रोज आयुष्यातले चार तास रस्त्यावर काढायचा. व्हाइटफील्ड १८८० च्या दशकात अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेलं खेडं. आता तेराव्या मजल्यावरून खाली पाहिलं तर खेडं दिसत नाही, दिवे दिसतात. घर छान आहे. माझी खोली तयार ठेवलेली, देवघरासाठी कोनाडासुद्धा. सून भोपाळची, हौशी. घरात हिंदी चालते, मुलीशी इंग्रजी. नात सात वर्षांची. माझ्या पदरी दोन भाषा, आणि तिला त्यातली एकही धड येत नाही. शाळेत मात्र तिला कन्नड शिकावं लागतं. २०१५ च्या कायद्यानं ते सगळ्या शाळांत आलं. ती वही घेऊन माझ्याकडे आली. चित्रं होती, खाली नावं लिहायची. एका चित्रात भुईमुगाची शेंग. मी पिशवी उघडली.

"अज्जी, काय म्हणतात याला?"

"इथे कडलेकायि लिही. बाईंना तेच हवं असेल. आपण घरी शेंगा म्हणतो."

"हिंदीत मूंगफली," ती म्हणाली. तिनं वहीत कडलेकायि लिहिलं, 'ळ' आणि 'ल' चा घोळ घालून. मग बाल्कनीत बसून आम्ही दोघींनी पाऊण शेर फस्त केला. तिनं प्रत्येक शेंग फोडताना "शेंगा!" असं ओरडायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या आईनं आतून विचारलं की काय झालं.

रात्री जेवणं झाल्यावर मुलानं विषय काढला. कर्जाचे हप्ते, गिऱ्हाईकाची घाई, माझी गुडघेदुखी. सगळं खरं. मी सांगितलं, घर विकायचं नाही. खालचे दोन सोपे भाड्यानं देऊ, त्याचं भाडं तुझ्या हप्त्याला लाव. कौलांचं मी बघते. आणि कार्तिकापासून रथसप्तमीपर्यंत मी इथे राहीन, दरवर्षी. त्यातले आठ दिवस बसवनगुडीत लॉजवर, एकटी. तो म्हणाला, "आई, हे असं कसं चालणार?" मी म्हटलं, "पाखरं करतात की." त्यावर तो "बघू" म्हणाला. आमच्या धारवाडकडे याला 'नोडोण' म्हणतात. त्याचा अर्थ हो होत नाही, तसा नाहीही होत नाही.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: परिषे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, ती कधी नोव्हेंबरात येते, कधी डिसेंबरात. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे वर्षभर आधी तिकीट काढून ठेवायची सोय उरलेली नाही. अंगावर स्वेटर, हातात कापडी पिशवी, आणि बायकांनी आधार कार्ड विसरू नये. शेर मापून देताना वर चार शेंगा मागून घ्याव्यात. मागितल्या की देतात.